टेंभरे सर लेव्हल देत नाहीत

टेंभरे सरांनी एकदा राक्षसाच्या अख्ख्या फौजेला रोवणीची सुट्टी दिली होती.

आम्ही तिघे तलवारी उपसून किल्ल्याच्या दाराशी पोचलो होतो. पप्पूभाई तर जोशात खुर्ची सोडून उभेच राहिले. आणि सर चष्मा पुसत म्हणाले, "आत कोणीच नाही. आषाढ लागला. सारे शिपाई धान रोवाले गेले."

"अन् राक्षस?" मी विचारलं.

"तो बांधावर उभा आहे. मालक नसला त मजूर काम करते का?"

त्या रविवारचा खेळ तिथेच संपला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात पट नसतो की स्क्रीन नसते. एक जण गोष्ट रचत जातो आणि बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. तलवार लागली की हुकली हे फासे टाकून ठरतं. लढता लढता वीराची लेव्हल वाढते, म्हणजे अंगात नवी ताकद येते, नवी विद्या येते. इंटरनेटवर पाहावं तर लोक धडाधड लेव्हल चढून राहिलेत, ड्रॅगन मारून राहिलेत. आम्ही सौंदडला सरांच्या ओसरीवर दोन पावसाळे काढले आणि अजून दुसऱ्याच लेव्हलवर आहोत. त्यातली पहिली तर सगळ्यांना जन्मतःच मिळते!

सर हायस्कुलात गणित शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी. उत्तर बरोबर असूनही त्यांनी माझा अर्धा मार्क कापला होता, कारण उत्तराखाली दोन रेघा मारायच्या, मी एकच मारली होती. निवृत्त झाल्यावर मार्क कापायला कोणी उरलं नाही. तेवढ्यात माळ्यावर त्यांच्या पोराची, या खेळाच्या पुस्तकांची पेटी सापडली. डिक्शनरी घेऊन त्यांनी ती सगळी इंग्रजी पुस्तकं वाचून काढली आणि लेव्हल कशी द्यायची ही प्रकरणं, मला वाटतं, गाळली.

माझं म्हणाल तर मी गोंदियाला एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि कनिष्ठच राहिलो. साहेब बदलतात, बढतीची यादी बदलते, माझी खुर्ची काही बदलत नाही. निदान रविवारी तरी बढती मिळावी म्हणून गाडीत बसून सौंदडला येतो, तर इथेही तेच. माझा जादूगार आजही फक्त काडेपेटीएवढा उजेड पाडतो.

बरं, गोष्ट तरी पुढे सरकावी! चोरखमाऱ्यासारखा एक तलाव ओलांडायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला. का, तर नावाडी साळ्याच्या लग्नाला गेला होता. सरांनी ते लग्न रविवारमागून रविवार सांगितलं. कोण रुसलं, वरण कुठे कमी पडलं, आहेरात कोणाला कसला टॉवेल आला.

"सर, कहानी आगे बढ़ाओ ना!" पप्पूभाई कळवळून म्हणायचे. पप्पूभाईंचं गोंदियाला मेडिकल स्टोअर आहे आणि खेळात ते महायोद्धा आहेत.

"पंगत उठाची आहे अजून," सर म्हणायचे.

आणि लेव्हलचा विषय काढला की ठरलेलं उत्तर, "दाणा भरू द्या." लोंबी बाहेर पडली म्हणून कोणी विळा घेऊन धावतं का, असा त्यांचा सवाल. पप्पूभाईंचा सगळा जन्म दुकानात गेला, पण लोंबी म्हणजे काय हे आता त्यांना झोपेतही सांगता येईल.

आमच्यातल्या तिसऱ्या मेश्राम मॅडम. जवळच्या गावात प्राथमिक शाळेवर होत्या. खेळात त्या वैदू. तिसऱ्या लेव्हलला वैदूला विष उतरवता येतं. आणि पप्पूभाईंच्या महायोद्ध्याला एका गुहेत विंचू चावला होता, तेव्हापासून तो लंगडत होता. म्हणजे मॅडमची लेव्हल ही आमची सगळ्यांचीच नड होती. मॅडम तर हट्टालाच पेटल्या होत्या. "विष उतरवल्याशिवाय मी हे गाव सोडत नाही," म्हणायच्या.

आणि नेमकी त्यांची बदली झाली. नवरा बुलढाण्याला, त्या इकडे. एकत्र येण्यासाठी किती वर्षं अर्ज करून राहिल्या होत्या, तो अर्ज एकदाचा फळला. मॅडमनी पेढे वाटले आणि लगेच रडल्याही.

शेवटच्या रविवारी त्या काय खेळल्या म्हणता! कचारगडसारख्या एका काळोख्या गुहेत आम्ही दोघे बेशुद्ध पडलो, तर त्यांनी एकटीने आम्हाला ओढत बाहेर आणलं. फासेही असे पडले की पप्पूभाईंनी टाळ्या वाजवल्या. आता देतीलच, असं म्हणून आम्ही तिघे सरांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दाणा भरू द्या."

"सर, बुधवारी माझी गाडी आहे," मॅडम म्हणाल्या. "कधी भरन दाणा?"

सर फासे गोळा करत राहिले. मॅडमनी पर्स उचलली, पायऱ्या उतरल्या आणि चहा न घेता निघून गेल्या. "हद है, सर!" म्हणत पप्पूभाई त्यांच्यामागे धावले.

मला असा राग आला म्हणता! "काऊन असं केलं सर? एक लेव्हल! तुमच्या खिशातून काय जात होतं?"

"देली असती त बाई गेली असती," सर म्हणाले.

"त्या तशाही जाऊनच राहिल्या ना."

"जाईन. पण तिचं काही राह्यलं आहे माह्याकडं. चिडून का होईना, एकदा येईन. काही राह्यलं असलं त माणूस येते, बाबू." त्यांनी फाशांची पिशवी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "पोरानं जे मांगलं ते मी देलं. सायकल, कॉलेज, बंगलोर. मागाले काही ठेवलंच नाही. आता तो कायले येईन?"

घरात दुसरा आवाज नव्हता. दर रविवारी इथे बसत होतो आम्ही, आणि बाकीचे दिवस हे घर कसं असतं हे कधी मनातही आलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

स्टेशनवर येताच मॅडमना फोन लावला. त्या फणकारल्या, "त्यांचं नावबी काढू नका माझ्यासमोर!" मी तरी सगळं सांगितलं.

"दिवाळीच्या सुट्टीत येऊन राहिली म्हणा सरांना," त्या म्हणाल्या. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "अन् तेव्हाबी देऊ नका म्हणा."