पावण्यांचा वार

शाहूपुरीतल्या आक्कांच्या सोप्यात रविवारचा सिनेमा ऐन रंगात आला असताना नायिकेचे ओठ हलत राहिले आणि आवाज मात्र भलत्याच माणसाचा येऊ लागला. "पृथ्वीवासीयांनो, आम्ही दूरच्या ताऱ्यावरून बोलत आहोत. तुमची शस्त्रे खाली ठेवा. येत्या रविवारी, याच वेळी, आम्ही तुमच्यात येऊ." थोडी खरखर झाली आणि नायिकेला तिचा आवाज परत मिळाला.

ते पंच्याऐंशी साल. गल्लीत दूरदर्शन संच एकच होता. त्याच्यापुढे बसायचे तर पाय धुऊन यावे लागे, आणि माणसे तसे आनंदाने येत. सतरंजीवरची ती तीस-पस्तीस माणसे एकमेकांकडे बघू लागली.

"बोलणं लईच शुद्ध हाय," शेजारच्या तानाबाई म्हणाल्या. "पुण्याचा असंल."

"तारा म्हणला की त्यो!" आक्कांचा मुलगा यज्ञेश्वर म्हणाला.

"पुणं काय, तारा काय, आपल्याला दोन्ही लांबच."

आक्कांच्या कपाळावर मात्र आठी पडली होती. रविवार जोतिबाचा, त्या दिवशी त्यांच्या चुलीवर मटण चढत नसे. चाळीस वर्षांत या उंबऱ्यावरून पावणा अर्धपोटी गेला नव्हता. कोडोलीहून अवचित आलेल्यालाही तांबडा-पांढरा रस्सा मिळे. आणि ताऱ्यावरून आलेल्यांना वांग्याची भाजी वाढायची?

"आई, त्येनी शस्त्रं खाली ठेवा म्हणलंय," यज्ञेश्वर काकुळतीने म्हणाला.

"ठेवू की. मटण तोडायला सुरी तेवढी लागंल. तू त्यांना वार बदलून घ्यायला सांग. बुधवारी या म्हणावं."

आवाज अँटेनातून आला, तेव्हा निरोपही अँटेनातूनच जाणार, हे यज्ञेश्वरला पटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गच्चीवर चढला आणि अँटेनाची नळी तोंडाशी धरून ओरडला, "पावणं! आमी रविवार पाळतो! बुधवारी या की!"

"जेवायला या म्हण!" अंगणातून आक्का गरजल्या. "नुसतं या म्हणलं तर चहावर भागवतील, असं वाटंल त्यांना!"

"किती जण येणार, त्ये बी इचार!" तानाबाईंनी भर घातली.

हा संवाद निम्म्या शाहूपुरीने ऐकला, आणि कोणा सज्जनाने वरपर्यंत कळवला.

बुधवारी दुपारी दोन पातेली रटरटत असतानाच दोन परीटघडीचे गृहस्थ दारात उभे राहिले. "आम्ही मुंबईच्या कार्यालयातून आलो आहोत. तुमच्या गच्चीवरून कोणीतरी प्रक्षेपणात ढवळाढवळ करतं, अशी तक्रार आहे."

यज्ञेश्वर दाराआड सरकला. आक्कांनी पाट मांडायला सांगितले. "आधी हातपाय धुवा. चौकशी जेवल्यावर."

रश्शाची वाटी पुढे येताच थोरल्या साहेबांनी ताटावर हात आडवा धरला. "क्षमा करा. आम्ही दोघंही मांसाहार करत नाही. पाणी दिलंत तरी पुरे."

चौकशीने जे झाले नव्हते, ते या वाक्याने झाले: आक्का हादरल्या. पाण्यावर बोळवण? त्यांनी पदर खोचला. अर्ध्या तासात पिठलं, गरम भाकरी आणि हिरव्या मिरच्यांचा ताजा खर्डा ताटात आला.

"लाजू नका. खावा की पोटभर."

साहेबांना खर्डा ही भाजीसारखी वस्तू वाटली. दोघांनी एकेक मोठा घास घेतला. त्यांचे चेहरे कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि कोणत्याच भाषेत न बसणारे आवाज काढीत दोघे आकाशाकडे हात करू लागले. खिडकीशी जमलेली गल्ली दोन पावले मागे सरली.

"आक्का," तानाबाई कुजबुजल्या, "हेच त्ये."

आक्कांनी लोण्याचा गोळा वाढला. मग मात्र पावणे चार-चार भाकऱ्या जेवले, चौकशीचा कागद तसाच घडी करून खिशात घातला आणि डोळे पुसत गेले. तो आवाज कोणाचा होता, हे कधीच उमगले नाही.

रविवारी त्याच वेळी सारी गल्ली श्वास रोखून संचापुढे बसली. आक्का तेवढ्या निवांतपणे वाती वळत होत्या.

"आता कुणाची वाट बघतासा?" त्या म्हणाल्या. "जेवून गेलं की बुधवारी."