न गिळता येणारी डबी

टीव्हीला जोडून इंटरनेटवरच्या मालिका बघायची नवी डबी घ्यायचं ठरलं, तेव्हा बाळाच्या आईने एकच अट घातली: गिळता येईल असं काही नको. (जुन्या रिमोटचा सेल हरवला होता, तर तो सोफ्याखाली सापडेपर्यंत ही बाळाला कडेवर घेऊन डॉक्टरांच्या दारात उभी होती.)

दुकानदाराने काउंटरवर रांग मांडली. ही डबी, ही टीव्हीमागे खोचायची काडी, हिचा रिमोट मोठा, तिचा छोटा.

“चित्र कसं दिसतं?” नवऱ्याने विचारलं.

“सेल कुठे बसतो?” तिने विचारलं.

“ताई, मग ही घ्या. हिला रिमोटच नाही. नुसतं बोलायचं.”

“हीच!” ती म्हणाली. नवऱ्याने पाकीट काढलं.

तिला बघायचं तरी काय होतं? दुपारी बाळ झोपलं की एक मालिका. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा.

रविवारी दुपारी बाळ झोपलं. ती टीव्हीजवळ जाऊन कुजबुजली, “माझी मालिका लाव.”

“माफ करा, ऐकू आलं नाही!” डबी खणखणीत बोलली.

“अगं हळू! बाळ झोपलंय.”

“बाळाच्या झोपेचं गाणं लावत आहे.”

आणि असं लावलं, की खिडकीच्या काचा थरथरल्या. अंगाई ऐकून बाळ किंचाळत उठलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगितलेलं ऐकायचं नाही, नको ते करायचं, वर मूल उठवायचं! असली माणसं घरात काय कमी होती, म्हणून दुकानातून आणखी एक आणलं?

“बंद कर! बंद हो! अगं ए भवाने!”

पण त्या गाण्यापुढे तिचं कोण ऐकतंय? हातातलं ओलं पातेलं घेऊन नवरा धावत आला.

“अगं, भिंतीवरचं बटण बंद कर!”

“त्यावर चिकटपट्टी आहे!”

“कुणी लावली?”

“मी! बाळाने बोट घातलं असतं म्हणजे?”

“मग काढ ना!”

“निघत नाही! निघू नये म्हणूनच लावलीय ना, अहो!”

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. झोपमोड झालेली, अंबाडा सुटलेला. त्यांनी बाळाला उचललं, आणि कुणाकडेही न बघता एवढंच म्हणाल्या, “गप्प बसा.”

डबी गप्प झाली. बाळ गप्प झालं आणि आजीच्या खांद्यावर मान टाकून पेंगायला लागलं. नवरा तर पातेल्यासकट गप्प झाला.

मग डबी अगदी अदबीने म्हणाली, “आवाज ओळखला. घरातली मुख्य व्यक्ती म्हणून नोंद करू का? यापुढे फक्त त्यांचंच ऐकलं जाईल.”

“कर,” सासूबाई म्हणाल्या.

सूनबाई “नाही” म्हणाली. एकदा नाही, तीनदा म्हणाली. पण बाळाचा नुकताच डोळा लागला होता ना, म्हणून कुजबुजून म्हणाली.