त्रेचाळिसावं भोक

भोक बुजवावं तर मीच! आमच्या घराच्या भिंतीत खिळ्याची एक खूण दाखवा, चहा पाजतो! त्यामुळे संग्रहालयात देखभालीच्या कामाला लागलो तेव्हा सहा महिन्यांत नोकरी पक्की होणार, याबद्दल मला शंका नव्हती. बायकोला होती.

पक्कं करणं संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमच्या हातात. त्या आठवडाभर परगावी गेल्या आणि मी दालन चकाचक करायला घेतलं. मधोमध एक दगड, पार चाळणी झालेला! लोक काय म्हणतील? दोन डबे पुट्टी भरली, घासली, गुळगुळीत केली.

संध्याकाळी मॅडमचा फोन. "माझा दगड ठीक आहे ना?"

"एकदम! एक भोक शिल्लक ठेवलं नाही!"

पलीकडून अगदी हळू आवाजात, "अहो, कोट्यवधी वर्षांपूर्वी तो समुद्राच्या तळाशी होता. किड्यांनी, शिंपल्यांनी पोखरला. अशा जिवांनी उकराउकर केली नसती तर पायाखालची माती आज अशी नसती. लोक ती भोकंच बघायला येतात. मी गुरुवारी येतेय."

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बायको विणकामाच्या सुया घेऊन संग्रहालयात आली. "आयुष्यात पहिल्यांदा काम वेळेवर केलंत, तेही हे!"

दोन दिवस आम्ही पुट्टी कोरत बसलो. बुधवारी दुपारी ती जेवायला घरी गेली. एका जागची पुट्टी काही केल्या निघेना, म्हणून मी ड्रिल लावलं. बोटभर आत गेल्यावर कळलं, तिथे भोक नव्हतंच. दगडाचाच पांढरा डाग होता!

गुरुवारी मॅडम वही घेऊन मोजायला बसल्या. "एक्केचाळीस, बेचाळीस... त्रेचाळीस?" त्यांनी चष्मा नाकावर घट्ट बसवला. "हे नोंदीत नाही! इतकं सरळ, इतकं गोल! वीस वर्षं धुळीखाली लपलं होतं का हे? कुठला प्राणी असेल?"

त्यांनी वहीत नवी ओळ आखायला घेतली. गप्प बसलो असतो तर नोकरी पक्की होती. पण सुया न्यायला आलेली बायको माझ्याकडे बघत होती, आणि मला फार लाज वाटली.

"मॅडम," मी म्हणालो, "तो प्राणी मी."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

नोकरी पक्की झाली. खरं बोललात म्हणून, असं मॅडम म्हणतात. फक्त दगडाजवळच्या पाटीवर माझ्याच हातानं एक ओळ लिहावी लागली: 'भोक क्र. ४३. प्राणी: देखभाल कर्मचारी. काळ: मागचा बुधवार.'

शाळेची मुलं आली की आधी तेच भोक बघतात. नंतर मला.