डाव्या रिकिबीचा तपास

"असं डोकं अख्ख्या वऱ्हाडात एकच हाये, माणिकबाई. अमरावतीत चोर शिंकला का मले अकोल्यात समजते," खुशालराव म्हणाले.

विलायतेला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाल्यापासून वऱ्हाडात कापसाचा भाव चढला होता, आणि त्याच्याबरोबर कापसाच्या दलालांची अक्कलही. खुशालराव दलालीतून वेळ काढून चोर पकडत. अजून एकही सापडला नव्हता, तो चोरांचा दोष.

भातकुलीच्या महादेवरावांनी नव्या पैशात घोडा घेतला. त्यानं दोनदा पाडल्यावर त्यांनी बैठकीत ठेवायला वीतभर लाकडी घोडा करवला. त्याचं खोगीर, लगाम, पोटाखालून आवळायचा तंग अमरावतीच्या राजापेठेतल्या जिनगरानं, माणिकबाईच्या वडिलांनी केलं. वाटाण्याएवढ्या दोन रिकिबी घडवल्या आणि त्याच संध्याकाळी ते गेले. तेरवीपर्यंत त्यांच्या हत्यारांना कुणी हात लावला नाही. आज पाहावं तर रिकीब एकच. दुकानाची किल्ली नत्थुजीकडे, तीस वर्षांच्या कारागिराकडे.

खुशालरावांनी दोऱ्याला लावायचा मेणाचा गोळा उचलला आणि त्यातलं मेण घेऊन मिशीला पीळ दिला.

"रावसाहेब, ते मेण जरा..." नत्थुजी म्हणाला.

"गप! ज्याच्यावर संशय, त्यानं बोलू नाई. डावीच रिकीब गेली. घोड्यावर डावीकडूनच चढतेत. म्हंजे चोर घोड्यावर बसून पळाला!"

"घोडा तं इथंच हाये, भाऊ," माणिकबाई म्हणाली.

"हेच तं त्याचं कसब!"

दुसऱ्या पिळाला चोर बाळापूरचा निघाला. तिसऱ्याला विलायतेच्या गिरणीवाल्यांचा कट. चौथ्याला मिशा कानाला टेकल्या आणि बोट नत्थुजीवर आलं.

"चाल चौकीवर."

नत्थुजीनं किल्ली माणिकबाईपुढे ठेवली आणि पागोटं बांधायला घेतलं.

"थांबा," ती म्हणाली. "तंगाचे दोन टाके राह्यले. बा म्हणे, नत्थुजीसारखा टाका मलेबी जमत नाई. तेवढे घालून जाऊ द्या. आना ते मेण इकडं."

मेणातून ओढलेला दोरा मधेच अडकला. माणिकबाईनं सुईच्या टोकानं उचकलं. रिकीब! बारीक जिन्नस हरवू नये म्हणून वडील तो मेणात दाबून ठेवत.

"काहून नाई सांगितलं, नत्थुजी?"

"तेच तं सांगून राहिलो होतो, बाई."

"पाह्यलं?" खुशालराव उठत म्हणाले. "पुरावा सकाळपासून माझ्याच ताब्यात होता!"

नत्थुजी पागोटं उतरवून टाके घालायला बसला. माणिकबाईनं त्याला नवं मेण काढून दिलं. जुन्या गोळ्यावर, रिकिबीच्या खाचेशेजारी, वडिलांच्या अंगठ्याचा ठसा होता. तेवढीच बाजू मिशीला लागायची राहिली होती.