बखर चिंतामणरावांच्या चाकाच्या खुर्चीची

श्रीलंबोदर प्रसन्न. ओझरची सहाची बस हाती कैसी लागली, आणि तीपायी कोणी काय सोसिले, याविषयी पुढील पिढीत कोणी पदरचे घालोन सांगो नये, म्हणोन जे घडले ते यथास्थित लिहिले असे.

नाशिक प्रांती, अंबडच्या औद्योगिक मुलखात, काचेच्या इमारतीचे तिसरे मजल्यावर सॉफ्टवेअरची एक कंपनी नांदत होती. चाकरी अमेरिकेतील विमेवाल्या साहेबांची, पगार रुपयांत. तेथील सुभेदार राजश्री चिंतामणराव, किताब डिलिव्हरी मॅनेजर. स्वतः एक ओळ न लिहिता अवघ्या फौजेकडून लिहवून घ्यावी, आणि मग ती का लिहिली असे फौजेसच विचारावे, ऐसा त्यांचा लौकिक.

त्या दरबारी स्टँडअप नामे एक शिरस्ता होता. रोज सायंकाळी साडेपाचास, तिकडे साहेब लोक दात घासावयास उठत त्या सुमारास, सर्वांनी दिवाणखान्यात उभे राहावे, आणि आज काय केले, उद्या काय करणार, कोठे अडले, इतुके एकेकाने सांगोन मोकळे व्हावे. माणूस उभा ठेविला म्हणजे पाय दुखतात, आणि पाय दुखले म्हणजे तो थोडके बोलतो, ऐसे त्यामागील शास्त्र. चिंतामणरावांनी हे शास्त्र फार मनावर घेतले आणि दिवाणखान्यातील खुर्च्या झाडून सर्व बाहेर काढविल्या. मग आपली स्वतःची, उंच पाठीची, काळ्या चामड्याची, चाकांची खुर्ची केबिनमधून ढकलीत आणवून मध्यभागी मांडली आणि तीवर विराजमान जाहले. कारण पुसता, गुडघा. गुडघा ऐसा नाजूक की गेल्या नवरात्रात सप्तशृंगगडाच्या पायऱ्या चढोन गेले आणि माथ्यावरील छायाचित्र सर्वांचे मोबाइलवर रवाना केले.

बसलेल्या पुरुषाचे पाय दुखत नाहीत, सबब त्याची वाणीही थकत नाही. साडेपाचाचा दरबार साडेसहास उठो लागला. चिंतामणराव साहेबांच्या अपेक्षांवर बोलत, मग आपल्या उमेदवारीच्या काळातील कष्टांवर बोलत, आणि मग वेळ कैसी वाचवावी यावर पुष्कळ वेळ बोलत.

त्या फौजेत योगिनीबाई, राहणार ओझर, टेस्टिंगच्या जुन्या मानकरीण. कंपनीची बस ठीक सहास सुटे आणि कोणासाठी थांबत नसे. ती चुकली म्हणजे बाईंनी द्वारका चौकात एसटीची वाट पाहावी आणि आठ वाजता घर गाठावे. घरी तीन वर्षांची कन्या यशश्री सासूबाईंचे हवाली असे. सासूबाई प्रतिभाबाई भजनी मंडळाच्या आधारस्तंभ, आणि भजन सातास उभे राही. अखेर एके दिवशी सासूबाईंचा हुकूम सादर जाहला तो ऐसा: "बायका मला हसायला लागल्या. म्हणतात, प्रतिभाबाई आरतीपुरत्याच येतात. हा महिना काढते कसाबसा. नाय जमलं तर तुझ्या साहेबाला सांग, म्हणावं मी उद्यापास्नं घरीच हाय." योगिनीबाई उमगल्या की आता बस तरी धरावी, नाही तर चाकरी तरी सोडावी.

मग कँटिनात, पोह्यांच्या बशांसमोर, खलबत बसले. चांदवडचे हर्षलजी आणि कॉलेज रोडच्या स्नेहलबाई ऐसे दोघे मसलतीस होते.

"बाई, सरळ जाऊन सांगा ना, लय लांबतंय म्हणून," हर्षलजी म्हणाले.

"तू सांग की."

"मी कसा सांगू? माझं अप्रेझल हाय."

स्नेहलबाई म्हणाल्या, "अरे, आपण सॉफ्टवेअरवाले ना? मग प्रॉब्लेमला काय करतात? तिकीट टाकतात."

त्या कंपनीत नळ गळो की प्रोग्रॅम बिघडो, त्याची तक्रार संगणकावर तिकीट म्हणोन टाकावी ऐसा दंडक होता. हा सल्ला तिघांसही फार पोक्त वाटला. यावरून त्यांचे शिक्षण किती जाहले होते हे ध्यानी यावे. तिकीट टाकिले: स्टँडअप लांबतो, ओझरची बस चुकते, दोष गंभीर.

दुसरे दिवशी चिंतामणरावांनी ते तिकीट भर दरबारी मोठ्या पडद्यावर उघडिले, आणि मग हा दोष म्हणावा की नवी मागणी म्हणावी याचा खल आरंभिला. बस एकट्या ओझरचीच चुकते की इतरही चुकतात, ऐसा सवाल करोन घोटीच्या शिलेदारास उभ्याउभ्या पुढे बोलाविले. तो म्हणाला, मी मोटरसायकलीने येतो. तेव्हा चिंतामणरावांनी गंभीर खोडोन किरकोळ केले, तिकीट योगिनीबाईंच्याच नावे लाविले, आणि त्याची प्रगती रोज स्टँडअपमध्ये सांगत जावी ऐसे फर्मान काढिले. त्या दिवसापासोन दरबार आणिक लांबला. बस तर गेलीच, साडेसातची एसटीही गेली.

मग योगिनीबाईंनी मसलतीचा नाद सोडिला. चिंतामणराव चहास खाली उतरले ऐसे पाहोन एकट्या केबिनीत शिरल्या, दारी हर्षलजींस पहाऱ्यास ठेविले, आणि खुर्ची उताणी पाडिली.

"बाई, पाना आणू?" हर्षलजींनी दबक्या आवाजात पुसिले.

"नको. ही चाकं नुसती ओढली की निघतात. आमच्या घरची अशीच मोडलीय."

एक चाक ओढिले, ते निघाले, आणि पोळ्यांच्या डब्यात बंदिवान जाहले.

सायंकाळी खुर्ची लंगडत दिवाणखान्यात आली. चिंतामणराव बसले तो स्नेहलबाईंच्या अंगावर कलंडले. फौजेच्या खुर्चीवर बसणे सुभेदारीस शोभेना, म्हणोन पाहुण्यांची बुटकी खुर्ची मागविली. तीत बसता उभ्या फौजेच्या पट्ट्यांची बक्कले तेवढी नजरेस येऊ लागली, आणि बक्कलांस उपदेश करिताना आवाजास धार येईना. तेव्हा सुभेदार उठोन उभे राहिले. साहेबांच्या अपेक्षांवर शौर्याने बोलले. कष्टांच्या काळावर येता येता या पायावरून त्या पायावर आले, मग भिंतीस टेकले, आणि वदले, "बाकीचं मेलवर बोलू." सहास अजून अवकाश होता.

त्या सायंकाळी प्रतिभाबाई उंबऱ्यात टाळ घेऊन उभ्या, तो सून दारी हजर. सासूबाई दचकल्या.

"काढलं का काय कामावरून?"

"नाही आई. मीटिंग लवकर संपली."

"मग रोज का नाय संपवीत? सगळी शिकलेली माणसं ना तिथं?" ऐसे म्हणोन पोर सुनेच्या कडेवर दिले आणि चालत्या जाहल्या.

इकडे चिंतामणरावांनी कोठीवाले नाथाजी यांस नव्या खुर्चीचा हुकूम केला. नाथाजी म्हणाले, तिकीट टाका. टाकिले. नवा खर्च म्हणजे विभागप्रमुखाची मंजुरी हवी, आणि विभागप्रमुख खुद्द चिंतामणराव. त्यांजकडे मंजुरीस आलेले अर्ज दिवाळीपासोन न वाचता पडोन होते. हर्षलजींचा, बहिणीच्या साखरपुड्यासाठी रजा मिळावी हा अर्जही त्यातच. त्या बहिणीस एव्हाना डोहाळे लागले होते. खुर्चीचा अर्ज त्या ढिगात जाऊन निवांत बसला.

"नाथा, खुर्चीचं काय झालं?" ऐसे सुभेदार रोज पुसत.

"वर अडलंय, साहेब."

"वरच्या लोकांना कामाचं गांभीर्यच नाही," ऐसे म्हणोन सुभेदार हळहळत.

महिना ऐसाच लोटला. स्टँडअप सहाच्या आत उठू लागला हे चिंतामणरावांनी आपली नवी कार्यपद्धती म्हणोन थोरल्या कचेरीस कळविले. तेथोन प्रशस्तिपत्र आणि चिवड्याचे पाकीट आले. त्या प्रीत्यर्थ त्यांनी, थोडक्यात कैसे बोलावे, या विषयावर भर दुपारी घटकाभर व्याख्यान दिले. ते मंचावर होते आणि मंचावर खुर्ची होती.

येणेप्रमाणे खुर्ची जायबंदी होऊन शत्रू पायउतार जाहला, आणि ओझरची बस कायमची काबीज जाहली. एक मात्र घडले. आजवर बस चुकविणारे झाडून सारे आता वेळेवर येऊ लागले, सबब बसमध्ये पाय ठेवावयास जागा उरली नाही. योगिनीबाई ओझरपर्यंत दांडी धरोन उभ्या. हर्षलजी गर्दीतून मान काढोन म्हणाले, "बाई, दुसऱ्या बससाठी एक तिकीट टाकायचं का?" बाईंनी त्यांजकडे ऐसे पाहिले की त्यांनी मान पुन्हा गर्दीत घातली. फत्ते जाहली ती नोंदिली असे. बाई सातचे आत घरी पोहोचल्या.