कावळ्याला दिलेला शब्द

जिल्ह्यातले सगळे पुढारी मतदारांना शब्द देतात. आमचे भिंगारचे शेजारी तात्यासाहेब कावळ्यांना देतात.

घराणं नगर दक्षिणेतलं, बडं. वडील आमदार होते, चुलते साखर कारखान्याचे चेअरमन, थोरले बंधू आज पक्षाचे नेते. लग्नांना थोरले जातात, दहाव्यांना तात्यांना धाडतात. आमच्याकडे पुढारी दहाव्याला आला की नदीकाठी श्रद्धांजलीचं भाषण ठोकल्याशिवाय हलत नाही, मग पिंडाला कावळा शिवो न शिवो. तात्या भाषण करत नाहीत. कावळा अडला की घरच्यांना हळूच विचारतात, "म्हाताऱ्याचं काय राहिलं हुतं?" मग पिंडापुढे हात जोडून म्हणतात, "पोरीचं लगीन मी लावतो. झालं? या आता." बऱ्याचदा कावळा येतो. आणि तात्यांना ते लग्न खरंच लावावं लागतं.

मी एकदा म्हटलं, "तात्या, विसरलात तर कोण विचारणार आहे?"

"मास्तर, मतदार पाच वर्सांत इसरतो. कावळा लई ध्यानात ठिवतो!"

हे वेड त्यांना वडिलांच्या दहाव्यापासून लागलं. त्या दिवशी मोठमोठ्यांची भाषणं झाली, पुतळ्याचा शब्द दिला गेला, चौकाला नाव द्यायचं ठरलं. कावळा काही शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. आपल्या बापाला काय हवं होतं हेच आपल्याला ठाऊक नाही, हे तात्यांच्या मनाला फार लागलं. तेव्हापासून ते आईला जिवंतपणीच विचारू लागले. रोज सकाळी, चहाबरोबर.

"आई, तुझी काय इच्छा राहिलीया?"

"मला घालवायची एवढी घाई झालीया व्हय रं?" आईसाहेब कप आपटायच्या.

यंदा तात्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट मिळालं, आयुष्यातलं पहिलंच. नेमक्या पहिल्या सभेच्या सकाळी आईसाहेब म्हणाल्या, "साठ वर्सं तुमच्या सभांचा चहा केला. मला एकदा माईकवर बोलायचंय."

थोरले भडकले. "म्हातारी कायबी बोलंल, सीट जाईल!"

"जाऊ द्या," तात्या म्हणाले. "हिची इच्छा मला आज कळलीया."

सभेत त्यांनी स्वतःचं भाषण सोडलं आणि आईला धरून माईकपाशी नेलं. आईसाहेबांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"माझं नाव हौसा," त्या म्हणाल्या. "ह्या घरात आले तवा बदलून राजलक्ष्मी केलं. फुडं समदी आईसाहेबच म्हनाय लागली. माझा बाप मला हौसा म्हनायचा. एवढंच सांगायचं हुतं."

हे नाव तात्यांनाही नवीन होतं. घोषणा देणाऱ्या कार्यकर्त्याने सवयीने हात वर केला, "आईसाहेबांचा..."

तात्यांनी त्याचा हात धरला. डोळे वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं.

"आरं, हौसाबाईंचा म्हन की!"

त्याने म्हटलं. आणि सगळी सभा 'विजय असो' म्हणाली.