गाडीने दिलेला कौल

अब्बास मिस्त्रीने गाडी दारात आणून उभी केली आणि आत फडताळातल्या पितळी वाट्या एकमेकींवर आपटून वाजू लागल्या. अक्काबाई जपाची माळ हातात धरूनच बाहेर आल्या. गाडी जागच्या जागी थडथडत होती, हिवतापाचा माणूस गोधडीत थडथडतो तशी.

त्यांचे यजमान यादवराव भांड्यांचे व्यापारी. पण जीव सगळा मोटारीत. इंजिनाच्या झडपा उघडमीट करणारा जो दांडा असतो, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. तो शर्यतीच्या गाडीचा मिळाला तर आपली गाडी घाट हरणासारखी चढेल, हे अब्बासने त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी तो थेट मुंबईहून मागवून बसवून घेतला होता. गाडी पळायला लागली हे खरं. पण उभी राहिली की तिला कापरं भरायचं आणि समोरची काच पुसणारा वायपर अर्ध्यात जाऊन पेंगायचा.

"मिस्त्री, याला काय झालंय?" अक्काबाईंनी हळूच विचारलं.

"वहिनी, इंजिन हवा आत खेचतं, त्या ओढीवर वायपर चालतो ना, या रबरी नळीतून," अब्बास कौतुकाने म्हणाला. "या दांड्याने आतल्या-बाहेरच्या दोन्ही झडपा जरा जास्त वेळ संगतीने उघड्या राहतात. गाडी पळाली की भरपूर ओढ. उभी राहिली की ओढ कमी. शर्यतीची चीज आहे, उभं राहायला थोडीच बनलीय?"

अक्काबाईंना ते बरोबर कळलं. स्वयंपाकघराची दोन्ही दारं एकदम उघडी टाकली की धुराड्याची ओढ जाते आणि धूर घरभर हिंडतो, त्यातलाच हा प्रकार. त्यांनी एवढंच विचारलं, की गाडी माणसं न्यायला घेतली आहे का माणसांपासून पळायला. यावर अब्बास आणि शेजारी उभे यादवराव, दोघेही बॉनेटमध्ये डोकं घालून काहीतरी शोधू लागले.

अक्काबाईंना काळजी होती ती लेकीची, मैनेची. मालेगावाकडच्या सखुबाईंना मैना सून म्हणून पसंत पडली होती. पण सखुबाईंची नणंद बयाबाई हिने मोडता घातला. मुलगी फार हळू बोलते, म्हणजे मनात काहीतरी ठेवत असणार, असं तिचं म्हणणं. आता देवीचा कौल लावायचा, मूर्तीवरचं फूल उजवीकडे पडलं तर होय, डावीकडे पडलं तर नाही, यावर ती अडून बसली. म्हणून श्रावणातल्या शुक्रवारी यादवराव सगळ्यांना गाडीने आग्रा रस्त्यावरच्या देवीला घेऊन निघाले.

अक्काबाईंचा चातुर्मासाचा नेम होता. शुक्रवारी आंघोळ झाली की देवीचं दर्शन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. त्या पुढे यजमानांशेजारी गप्प बसल्या. मागे सखुबाई आणि बयाबाई. बारीक भुरभुर होती. गाडी पळत होती तोवर वायपर झकास फिरत होता.

आणि मग रस्ता भरून मेंढरं आली. यादवरावांना थांबावं लागलं.

गाडीला कापरं भरलं. बसायच्या गाद्या हलल्या, बयाबाईच्या बांगड्या हलल्या, मांडीवरचा नारळ उड्या मारायला लागला. काचेवर वायपर थरथरत मधोमध उभा राहिला.

बयाबाईने दोन्ही हात जोडले. "वहिनी, अंगात आलंय."

"कोणाच्या?" सखुबाईंनी विचारलं.

"गाडीच्या! बघ की कशी घुमतेय. आई रस्त्यातच भेटाया आली."

यादवराव कॅमशाफ्टबद्दल सांगू लागले, पण ती खाली उतरलीसुद्धा. तिने बॉनेटला हळदकुंकू लावलं, पुढे नारळ ठेवला आणि पदर पसरून म्हणाली, "आई, मैना आमच्या घरात यावी का? तुझ्या उजव्या अंगाला कौल दे."

वायपर डावीकडे कलू लागला.

इंजिनही गुदमरून बंद पडायच्या बेताला आलं होतं. ते वाचवायला म्हणा, की मैनेला वाचवायला म्हणा, यादवरावांनी पायाने पेट्रोल जरासं वाढवलं. इंजिनाला ओढ आली. वायपर सरसर उजवीकडे गेला. त्याबरोबर यादवराव इतके दचकले की पाय उचलला गेला, आणि वायपर तिथेच टेकला.

"उजवा!" बयाबाई रस्त्यातच लोटांगण घालायला निघाली, मेंढरांमुळे जागा मिळाली नाही.

अक्काबाईंनी यजमानांचा पाय पाहिला होता. त्यांनी त्यांच्या कोटाची बाही ओढली. यादवरावांना वाटलं, बायको शाबासकी देतेय. ते हसले. अक्काबाईंनी डोळे मिटून घेतले. जुळलेलं लग्न हातात होतं आणि ते खोट्या कौलावर उभं होतं. बोलावं तर नेम मोडतो. न बोलावं तर त्याहून मोठं काहीतरी मोडत होतं.

देवळात बयाबाईने पुन्हा कौल लावायला साफ नकार दिला. एकदा दिलेलं उत्तर परत विचारलं तर देवी रागावते, असं ती म्हणाली. दर्शन झालं, अक्काबाईंचं मौन सुटलं, आणि त्या दिवशीचा पहिला शब्द त्यांनी तिथेच, गाभाऱ्यासमोर काढला.

"आत्याबाई, तो कौल देवीचा नव्हता. यांच्या पायाचा होता. तुम्हाला मोडायचं असलं तर आत्ताच मोडा."

यादवराव देवळाचं छत बघू लागले.

"फूल पडतंय ते वाऱ्याने पडतंय, नाय तर सुकून पडतंय. मी कधी माळ्याला विचाराया जाते का?" बयाबाई म्हणाली. "देवीला पाय हाताशी लागला, तिने पायाने दिला. पण तू सांगितलंस. म्हणजे पोरगी मनात काय ठेवायची नाय, आईवर गेली असंल तर."

सखुबाई हळूच अक्काबाईंच्या कानाशी आल्या. "पाय मीबी पाहिला होता, विहीणबाई. पण नणंद एकदा हो म्हणाली, तवा मी कशाला तोंड उघडू? माझा तर कसला नेमबी नव्हता."

घरी येताच यादवरावांनी अब्बासला बोलावलं आणि जुना कॅमशाफ्ट परत बसवायला सांगितलं. पण तो बसवायच्या आधीच मालेगावाहून बयाबाईचा निरोप येऊन थडकला. वरात त्याच गाडीतून निघेल, आणि तिच्या पोटातल्या दांड्याला कोणी हात लावायचा नाही.

मार्गशीर्षात वरात निघाली. बँडच्या मागे पावलापावलाने, म्हणजे जवळजवळ उभ्यानेच. नवरदेवाच्या मुंडावळ्या घरापर्यंत नाचत आल्या. आकाशात ढगाचं पिल्लूसुद्धा नव्हतं, तरी बयाबाईच्या हुकमाने वायपर चालू होता. तो थरथरत एकदा उजवीकडे कलायचा, एकदा डावीकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका हात जोडून उभ्या होत्या, आणि ज्या बाजूला जी उभी होती, तिला तो आपल्याकडेच कललेला दिसत होता.